टायमिंग बेल्ट नवा, तरी तक्रार जुनीच: बेल्टसोबत काय काय बदलायचं

2025 च्या मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांची फोक्सवॅगन व्हेंटो डिझेल दोरीला बांधून आमच्या गॅरेजात आली. तेरा महिन्यांत तिसऱ्यांदा तिचं टायमिंग कव्हर, म्हणजे टायमिंग बेल्टवरचं झाकण, उघडणार होतं. (टायमिंग बेल्ट म्हणजे दातांचा पट्टा: पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकला तो वाल्व उघडणाऱ्या कॅमशी जोडतो. तो सुटला तर वाल्व पिस्टनवर आपटतात.) काका उतरले ते थेट म्हणाले, "हे बघ, बेल्ट नवा आहे. पावती आहे माझ्याकडे. बेल्टचं नाव काढू नकोस."

पावती खरी होती आणि बेल्टही चांगल्या कंपनीचा होता. एप्रिल 2024 मध्ये, 92,000 किलोमीटरला, दुसऱ्या एका गॅरेजात काकांनी फक्त बेल्ट टाकून घेतला, कारण "बाकी सगळं ठीक आहे" असं त्यांना सांगितलं गेलं. नोव्हेंबरात कूलंट कमी व्हायला लागलं. पाण्याचा पंप गळत होता, तो बदलला, आणि बेल्ट सहा-सात महिन्यांचाच आहे म्हणून तोच परत चढवला. मे उजाडला तशी इंजिनाच्या कडेने घूं-घूं सुरू झाली. एके दुपारी अकोटा-दांडिया बाजार पुलावर तिची किरकिर झाली आणि काकांनी शहाणपणाने गाडी तिथेच बंद केली. त्या एका गोष्टीने त्यांचे वाल्व वाचले.

कव्हर काढलं तेव्हा बेल्टची एक कड दोन-तीन मिलीमीटर झिजून दोरे बाहेर आले होते, खाली काळा भुगा साठला होता. टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारी पुली, हाताने फिरवला तर आत वाळू भरल्यासारखा खरखरत होता. म्हणजे बेल्ट नवा होता हे काकांचं म्हणणं बरोबरच. फक्त तो ज्याच्यावर धावत होता ते सगळं लाख किलोमीटरच्या घरात गेलेलं होतं.

माझं वीस वर्षांचं गणित सांगतो. बेल्ट मुदतीच्या आत गेला तर दोष बहुतेक वेळा बेल्टचा नसतो. त्याला कुणीतरी मारलेलं असतं. मारणारे चार: बेअरिंग, पंप, तेल आणि बसवणारा. त्यामुळे "यावेळी जरा भारी बेल्ट टाका" असं कुणी म्हणालं की मी हात जोडतो. आमच्याकडे हेच रोज गुजरातीत ऐकू येतं, "पट्टो तो नवो ज छे ने!" नवाच आहे हो. पुढे बोलू.

(स्विफ्टच्या 1.3 डिझेलला बेल्ट नाही, साखळी आहे. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोललाही साखळीच. त्या गाडीवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.)

आधी आवाज नक्की कुठला ते ठरवा

घूं-घूं ऐकून थेट टायमिंग उघडायला घेऊ नका. बाहेरचा बेल्ट, ज्याला आपण फॅन बेल्टच म्हणतो, तो उतरवा आणि इंजिन वीस-तीस सेकंद चालवून बघा. आवाज गेला तर रोग ऑल्टरनेटरच्या, एसीच्या किंवा बाहेरच्या टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये आहे. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो तिथे पंपही संशयित. आवाज तसाच राहिला तर मात्र कव्हरच्या आत बघावं लागेल. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, इंजिन गरम असेल तर करूच नका.

चीं-चीं अशी चिमणीसारखी चिरचिर असेल तर बाहेरच्या बेल्टवर थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर बदलला तर तो बाहेरचाच. टायमिंग बेल्ट दातांवर चालतो, तो सहसा असा चिरचिरत नाही. तो रेसबरोबर वाढणारा बारीक सूर काढतो, आणि नवा बेल्ट टाकल्यावर पहिल्याच दिवशी तो सूर लागला तर ताण जास्त दिलाय असं समजा. "नवा आहे, बसेल हळूहळू" हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. ताण हळूहळू बसत नाही, बेअरिंग बसतं.

जुना बेल्ट फेकू नका, वाचा

हे काम फार कमी गॅरेजांत होतं, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीत सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. काढलेला बेल्ट उजेडात धरा.

एका बाजूची कड झिजलेली, दोरे सुटलेले, असं असेल तर बेल्ट सरळ धावत नव्हता. टेन्शनर तिरका बसलाय, त्याचं बेअरिंग डुगडुगतंय, पंपाच्या पुलीला खेळ आलाय किंवा पंप बसवताना त्याच्या मागे जुन्या पॅकिंगचा तुकडा राहिलाय. काकांच्या गाडीत हेच होतं: टेन्शनर.

एकाच ठिकाणचे सात-आठ दात मुळातून उडालेले आणि बाकीचा बेल्ट धडधाकट, तर काहीतरी क्षणभर अडकलं होतं. बहुतेक वेळा पंप जाम होतो. कधी कॅमच जाम झालेला असतो, आणि तसं असेल तर नवा बेल्ट घालून सेल मारणं म्हणजे दुसरा बेल्ट मारणं. आधी प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा.

बेल्ट मऊ, फुगलेला, बोटाला काळा चिकट लागतोय आणि दात सोलल्यासारखे निघतात? त्याने तेल प्यायलंय. रबराला इंजिन ऑइल सोसत नाही. वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग झिरपतंय की पुढून कॅमचं किंवा क्रँकचं सील (तेल अडवणारी कडी), ते तेलाच्या ओघळावरून कळतं. ओघळ नेहमी वरून खाली वाचायचा, खालच्या थेंबावरून वर जाल तर चुकाल.

दातांमधल्या खोबणीतलं कापड घासून गेलंय म्हणजे ताण जास्त होता. पाठ काचेसारखी चकाकतेय म्हणजे आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) फिरायचा थांबला होता आणि बेल्ट त्याच्यावरून घसरत होता. पांढरा, गुलाबी किंवा हिरवट सुकलेला थर दिसला तर कूलंट. आणि सुरीने कापल्यासारखा आडवा सरळ तुटला असेल तर बसवण्याआधीच कुणीतरी त्याची घडी घातली होती. आतल्या काचेच्या दोऱ्या घडीत मोडतात, वरून काही दिसत नाही. मी स्वतः एका पोराला नवा बेल्ट पँटच्या खिशात दुमडून आणताना पकडलंय. तो बेल्ट तिथेच कचऱ्यात गेला, त्याच्या पगारातून नाही कापला, पण पुन्हा त्याने तसं केलं नाही.

बेअरिंग: इथे कंजूषी करायची नाही

टेन्शनर आणि आयडलर बेल्टसोबत बदलायचेच. यावर मी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत नाही, नको असेल तर काम घेत नाही.

कारण साध्या हिशेबात आहे. एक लाख किलोमीटर सरासरी ताशी 40 च्या वेगाने गाडी चालली तर इंजिन 2,500 तास फिरलं. सरासरी 2,000 आरपीएम धरा. क्रँकचे 30 कोटी फेरे झाले. आयडलर साधारण क्रँकच्या पुलीएवढाच लहान असतो, म्हणजे त्याचेही जवळजवळ तेवढेच. आत जे ग्रीस कारखान्यात भरलं तेवढंच, वरून भरायची सोय नाही. आणि हे बेअरिंग इंजिनाला चिकटून, बंद कव्हरच्या आत, बडोद्याच्या 42-43 अंशांच्या मे महिन्यात भाजत असतं. नवा बेल्ट पुढचे लाखभर किलोमीटर चालायचा असेल तर त्याच्या सोबत्याला दोन लाख चालावं लागणार. तो नाही चालत.

तपासताना एक गंमत होते. गिऱ्हाईक जुना आयडलर हातात घेऊन बोटाने फिरवतं, तो भिंगरीसारखा गरगरतो, आणि ते म्हणतं, "किती छान फिरतोय, चांगलाच आहे की!" उलटं आहे. नवं बेअरिंग बोटाने ढकललं तर जडपणे थोडं फिरून थांबतं, कारण आत ग्रीस भरलेलं असतं. जे गरगरतं त्याचं ग्रीस संपलंय. कानाशी धरून फिरवा, सर्र असा कोरडा आवाज ऐकू येईल.

आता पुराचं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा काकांची गाडी समा भागात लेकीच्या घराखाली उभी होती, अर्धं चाक पाण्यात. इंजिनात पाणी गेलं नाही, एअर फिल्टर कोरडा होता, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण टायमिंगचं खालचं कव्हर क्रँकच्या उंचीवर असतं आणि ते पाणबंद नसतं. धूळ अडवावी एवढंच त्याचं काम. गढूळ पाणी आत येतं, बेअरिंगच्या पातळ सीलमधून थोडं शिरतं, गाळ मागे ठेवून जातं. नोव्हेंबरात कव्हर उघडलं होतं तेव्हा त्या टेन्शनरला कुणी हात लावून पाहिलं असतं तर तिसरी खेप टळली असती. त्या आठवड्यात ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या आणि ज्यांनी अजून कव्हर उघडलेलं नाही त्यांनी किलोमीटरची वाट बघू नये. वरचं कव्हर काढून आत चिखलाचा सुका थर आहे का एवढं तरी बघून घ्यावं, ते दहा मिनिटांचं काम आहे.

पाण्याचा पंप

इथे मात्र "बदला" किंवा "राहू द्या" असं सरसकट सांगता येत नाही, गाडीवर अवलंबून आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या 1.6 टीडीआयमध्ये, डस्टर, व्हेरिटो आणि सनीतल्या रेनोच्या 1.5 डिझेलमध्ये, फोर्डच्या 1.5 टीडीसीआयमध्ये पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तो जाम झाला तर बेल्ट घेऊन जातो. इथे पंप बेल्टसोबतच टाकायचा, गळत असो वा नसो. जुन्या 2.5 डिझेल इनोव्हात, मारुती 800 मध्ये, जुन्या सँट्रोत पंप बाहेरच्या बेल्टवर आहे. तिथे पुलीचा खेळ बघा, पंपाखालचं छोटं भोक बघा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून. ओघळ सुकलेला दिसला तरी पंप गेला असं समजा. ते भोक एमसीलने बुजवलेले पंपही मी पाहिलेत. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं.

माझी स्वतःची चूकही सांगतो. हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता, 1996 पासून तिथे ओपल अ‍ॅस्ट्रा बनायची, पुढे कोर्सा आली. त्यामुळे बडोद्यात त्या गाड्या गल्लोगल्ली होत्या आणि माझं शिक्षण त्यांच्यावरच झालं. ओपलच्या त्या इंजिनात पंपाची बॉडीच थोडी फिरवून बेल्टला ताण द्यायचा असे. मी शिकाऊ होतो. एका अ‍ॅस्ट्राचा बेल्ट टाकला, जुना पंप जागच्या जागी फिरवून ताण दिला, गाडी दिली. चौथ्या दिवशी पाणी गळत परत. पंपाच्या मागचं रबरी रिंग साठ हजार किलोमीटर एका जागी चपटं होऊन बसलेलं, मी त्याला जागचं हलवलं. उस्ताद एक शब्द बोलला नाही, नवा पंप माझ्या हातात दिला आणि संपूर्ण काम माझ्याकडून पुन्हा करवून घेतलं, मजुरी न घेता. तेव्हापासून ज्या पंपाला हात लागतो तो पंप नवाच.

पंप बदलला की कूलंट नवं आलंच. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रकारचं घ्या, रंग बघून नको, कारण रंग कंपनीगणिक बदलतो आणि वेगवेगळे प्रकार एकत्र झाले तर आत गाळ धरू शकतो. मिसळायला डिस्टिल्ड पाणी. वाघोडिया रोडकडच्या सोसायट्यांत बादलीला जो पांढरा थर धरतो तोच बोअरचं पाणी घातलं तर रेडिएटरमध्ये धरतो. थर्मोस्टॅट लाखभर चालला असेल तर त्याच वेळी बदलून घ्यायला माझी हरकत नसते, पण त्यासाठी मी आग्रह धरत नाही.

सील आणि बारीक सामान

कॅमचं पुढचं सील आणि क्रँकचं पुढचं सील. दोन्ही मिळून काही शे रुपये. बेल्ट उतरलेला असताना तिथपर्यंत पोचायला थोडंच काम उरतं, नंतर तीच वाट पूर्ण मजुरीची. कोरडी दिसली तरी लाख किलोमीटरला बदलावीत असं माझं मत. काही चांगले मेकॅनिक म्हणतात, कोरड्या सीलला हात लावू नका, बसवताना बिघडवाल. त्यांचंही खरं आहे. शाफ्टवर ओरखडा पाडून सील काढणाऱ्याच्या हातात गाडी असेल तर जुनं सील परवडलं. टेफ्लॉनच्या लिपचं (शाफ्टला टेकणाऱ्या कडेचं) सील कोरडं बसवायचं, त्याला तेल-ग्रीस लावायचं नाही. रबरी लिपला तेलाचा हात लावतात. हे दोन एकमेकांत गोंधळले की पंधरा दिवसांत पुन्हा तेल.

आणि सील दोनदा बदलूनही तेल येतच असेल तर सीलवर राग काढू नका. इंजिनाचा ब्रीदर चोंदलाय का बघा. आतली हवा बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून ढकलते. अशा एका गाडीत तिसरं सील टाकायच्या आधी आम्ही ब्रीदरचा पाइप काढला, त्यात काजळीचा दगड झाला होता. पाइप साफ केला, सील तेच ठेवलं.

क्रँक पुलीचा बोल्ट पुष्कळ गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. कसताना तो ताणला जातो, पुन्हा कसला तर पकड देत नाही. काही इंजिनांत दात्याच्या पुलीला चावीसुद्धा (पुली शाफ्टवर सरकू न देणारी खीळ) नसते, सगळी भिस्त त्या एका बोल्टवर. फोक्सवॅगनच्या डिझेलमध्ये इंजिन फाउंडेशनचे (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं त्याचे) बोल्टही नवे घ्यायचे असतात, आणि फाउंडेशन तर काढावंच लागतं. त्याचं रबर फाटलेलं असेल तर तेव्हाच टाका.

बाहेरचा फॅन बेल्ट नवाच लावा. कारण फक्त स्वस्ताईचं नाही: तो फाटला तर त्याचे धागे क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरात ओढले जातात आणि टायमिंगचा बेल्ट दात सोडतो. कव्हरचे तुटलेले क्लिप आणि हरवलेले स्क्रूही याच हिशेबात धरा. क्रँक पुलीच्या दोन भागांमधलं रबर तडकलंय का, तेवढं नजरेने बघा.

बदलायचं नाही ते: कॅमची पुली, क्रँकची दात्याची पुली. दात झिजून टोकदार झालेले किंवा गंजाने खाल्लेले नसतील तर त्या तशाच राहू द्या. बेल्टच्या तयार किटमध्ये त्या नसतात ते उगाच नाही.

बसवणाऱ्याला काय विचारायचं

गिऱ्हाइकाने गॅरेजात उभं राहून पाना धरायचा नसतो, पण तीन प्रश्न विचारले तर कुणी रागावणार नाही. टायमिंग लॉक करायच्या पिना आहेत का, की पेंटच्या खुणेवर काम चालतं? पेंटची खूण जुना बेल्ट बरोबर होता असं गृहीत धरते. टेन्शनरचा काटा खाचेवर आणताना इंजिन थंड होतं का? आणि बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने, फिरायच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवून काटा आणि खुणा परत पाहिल्या का? दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. मध्ये कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही, वाल्व पिस्टनला लागतोय. हे न करता थेट सेल मारणारा मेकॅनिक नशिबावर काम करतो, आणि नशीब तुमच्या हेडचं, म्हणजे वाल्व बसतात त्या भागाचं, असतं.

सगळे जुने भाग पिशवीत घालून मागून घ्या. विश्वास नाही म्हणून नाही, पुढच्या वेळी तक्रार आली तर वाचायला काहीतरी हातात असावं म्हणून.

काकांच्या गाडीत बेल्ट, टेन्शनर, आयडलर, दोन सील, बाहेरचा बेल्ट आणि सगळे एकदाच वापरायचे बोल्ट टाकले. पंप सहा महिन्यांचा होता, त्यावर आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, तोही त्याच गाळाच्या कव्हरात बसवलेला, हात लागतोय तर बदलतो. काका म्हणाले, "पंप नवा आहे. पावती आहे." शेवटी पंपाचे पैसे निम्मे मी सोसले. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर लावलं, आणि काकांना सांगितलं, हजार किलोमीटरनंतर सकाळी थंड इंजिनावर कूलंटची खूण बघून मला फोन करा. ते आठशेलाच आले. पातळी जागेवर होती. जुना पंप मात्र डिकीतल्या पिशवीत अजून आहे, "चालू माल आहे तो," असं ते भेटले की म्हणतात.